राखण आणि आतिथ्य

थंडी ही मोजण्याची वस्तू आहे की सोसण्याची, असा प्रश्न बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात पडतो. दिल्लीहून किंवा सिमल्याहून बदलून आलेले आपले स्नेही येथल्या पौषाला हसतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे हे शहर. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान सामान्यतः १५-१६ अंशांपर्यंत उतरते, आणि वेधशाळेच्या दप्तरी असलेला नीचांक, १३ जानेवारी १८८४ रोजीचा, ७.८ अंशांचा आहे. ज्या गावी पाणी गोठत नाही तेथल्या गारव्याला थंडी कशाला म्हणावे, असे त्यांचे म्हणणे. परंतु हेच कोकणातून आणून कुंडीत लावलेल्या पानवेलीला विचारता आले, तर तिचे उत्तर निराळे येईल. उलट, त्याच अंगणातल्या पावट्याला विचारावे तर तो म्हणेल की दव पडल्यावाचून माझ्या शेंगेला वासच येत नाही. येथील कन्नड शेजारणी हिवाळाभर ज्या अवरेकाईची वाट पाहतात ती हीच. एकाच रात्रीचा गारवा एकाला इजा करतो आणि दुसऱ्याला परिपक्व करतो. तेव्हा ‘थंडीत बागेची काळजी घ्यावी’ हे वाक्य जितके सोपे वाटते तितके ते सोपे नाही. कोणाची काळजी, आणि कोणत्या अधिकाराने, हे आधी ठरवावे लागते.

मल्लेश्वरमातल्या एका जुन्या, भाड्याच्या घराच्या मागील अंगणात गेले काही हिवाळे माझी दोन कामे ठरून गेली आहेत. रात्री नाजूक कुंड्या झाकावयाच्या आणि सकाळी उघडावयाच्या, हे पहिले. उघडून झाल्या की चहाचा पेला घेऊन पायरीवर बसावयाचे आणि अंगणात येणारी पाखरे पाहावयाची, हे दुसरे. पहिले काम कर्तव्याचे आणि दुसरे करमणुकीचे, असे मी बरेच दिवस धरून चाललो होतो. पुढे एका प्रसंगाने ही वाटणी मोडली. तो प्रसंग सांगण्यापूर्वी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधले पाहिजे.

‘राखणे’ हे आपल्या भाषेतले मोठे विलक्षण क्रियापद आहे. आपण बाग राखतो, शब्द राखतो, मान राखतो; वरिष्ठांची मर्जीही राखतो. पण जोंधळा हुरड्यात आला म्हणजे शेतकऱ्याचे पोर माळ्यावर चढून गोफण फिरवते, तेव्हा ते ‘पाखरे राखते’ असेही आपण म्हणतो. म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाही राखावयाचे, आणि ज्याच्यापासून रक्षण करावयाचे त्यालाही राखावयाचेच! ही भाषेची गल्लत आहे असे मला वाटत नाही. एकाला राखणे म्हणजे दुसऱ्याला वारणे, ही गोष्ट माळ्यावर उभ्या असलेल्या पोराला उघड दिसत असते, कारण गोफण त्याच्याच हातात असते. शहरातल्या अंगणात गोणपाट आणि जाळी हाती घेणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र आपण फक्त जपतो आहोत असेच वाटते. आपणही कोणाला तरी वारतो आहोत, याचा विसर पडतो.

प्रथम झाडांविषयी. निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडीत राहतात, आणि उघड्यावरचे पान भोवतालच्या हवेहूनही गार होते. आंब्याखाली सरकवलेली किंवा गोणपाटाने झाकलेली कुंडी यातून वाचते. आच्छादन ऊब निर्माण करीत नाही. असलेली ऊब जाऊ देत नाही, इतकेच. उष्ण प्रदेशातील कित्येक वनस्पतींना इजा होण्यासाठी पाणी गोठावे लागत नाही. पारा काही रात्री १०-१२ अंशांच्या खाली राहिला, तरी पेशींची आवरणे ताठरतात, मुळे पाणी ओढीनाशी होतात आणि पान मलूल पडते. बंगळुरात अशा रात्री फार नसतात. पण कधीमधी असतात, आणि कुंडीतल्या झाडाला त्या अधिक जाचतात. जमिनीतल्या मुळाला भोवतालच्या मातीची ऊब असते. कुंडीतले मूळ चहूबाजूंनी उघड्यावर पडलेले असते.

आणि येथेच प्रेमळ माणूस हमखास चुकतो. पान मलूल दिसले की तो पाणी घालतो. गार, ओल्या मातीत मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. पान अधिकच मलूल होते. तो अधिकच पाणी घालतो. थंडीने न मेलेले झाड असे मायेने मरते. आपल्याकडे निफाडच्या बाजूला कडाक्याच्या रात्री द्राक्षाच्या बागांतून शेकोट्या पेटवतात आणि पहाटे वेलींना पाणी देतात. तो शेतकरी वेलीवर माझ्याहून अधिक प्रेम करतो की नाही कोण जाणे. पण कोणत्या घडीला धूर, कोणत्या घडीला पाणी, आणि किती, हे त्याला कळते. राखणीत प्रेमाच्या आधी हे कळणे लागते.

परंतु मुळात राखावे तरी का? रानात दर हिवाळ्यात असंख्य रोपे मरतात. त्यांच्यासाठी आपण रात्री उठत नाही, आणि न उठल्याबद्दल कोणी आपल्याला दोषही देत नाही. मग या दहा कुंड्यांचेच ऋण कोठून आले? मला याचे एकच उत्तर सापडते. त्यांना येथे मी आणले. पानवेल आपल्या इच्छेने घाट चढून मल्लेश्वरमास आली नाही. तिच्या मुळांभोवतीची माती, आधाराची पोफळ आणि दमट हवा हे सर्व काढून घेऊन मी तिला मातीच्या एका भांड्यात उभी केली. जे तिला निसर्गाकडून मिळत होते ते आता माझ्याकडून मिळावयास हवे. झाड सुंदर आहे, उपयोगी आहे किंवा महाग आहे, म्हणून हे कर्तव्य उपजत नाही. आपण त्याला परावलंबी केले, म्हणून उपजते. ज्याला आपण मुळासकट उचलले, त्याचे आपण ऋणी होतो.

आता पाखरांविषयी. मल्लेश्वरमात बारमाही राहणारी पाखरे पुष्कळ आहेत: दयाळ, शिंपी, शिंजीर, तुरा मिरवणारा शिपाई बुलबुल. पण हिवाळ्याचे मानकरी निराळे. पावसाळा ओसरला की एखाद्या सकाळी गच्चीच्या कठड्यावर शेपटी खालीवर हलवीत करडा धोबी दिसतो, आणि आंब्याच्या पानांतून हिरवट वटवट्याची बारीक, दोन अक्षरी साद ऐकू येते. वटवट्या डोळ्यांना सहसा सापडत नाही, इतका तो पानांच्या रंगाचा. वजन सात-आठ ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या दोन नाण्यांइतके. एवढा जीव हिमालयातल्या किंवा त्याही पलीकडच्या पर्वतांतल्या अरण्यांत पिले वाढवतो आणि हिवाळ्यासाठी दक्षिणेत उतरतो. येथे आल्यावर तो चार-दोन झाडांचा मुलूख आपला मानतो, दुसरा वटवट्या आला तर त्याला हाकलतो, आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेथेच पानापानाखालचे किडे टिपीत राहतो. पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की अनेक स्थलांतरी पक्षी वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या त्याच जागी परत येतात. माझ्या आंब्यावरचा वटवट्या गेल्या वर्षीचाच असेल किंवा नसेलही. पण आंब्याचा मालक मी आहे ही गोष्ट त्याला मान्य नाही, एवढे निश्चित.

या पाखराचे मी काय देणे लागतो? मी त्याला आणले नाही. येथला मार्ग त्याला मी दाखवला नाही. परतीची वेळही तो मला विचारून ठरवणार नाही. थंड देशांत बर्फाखाली अन्न गाडले जाते तेव्हा लोक पाखरांसाठी दाणे टांगतात, आणि त्याने पुष्कळ जीव वाचतात. तेच अनुकरण आपण येथे केले, मूठभर धान्य गच्चीवर टाकले, तर त्यावर कबुतरांचे थवे उतरतील. वटवट्या त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. त्याला हवा आहे तो पानाखालचा किडा. तो मी त्याला देऊ शकत नाही. फक्त नाहीसा करू शकतो. गुलाबावर मावा पडला म्हणून मी विष फवारले, की झाड राखले जाते आणि पाहुणा उपाशी राहतो. मग पाखराच्या बाबतीत माझे कर्तव्य बहुतांशी न करण्याचे आहे: न फवारण्याचे, न छाटण्याचे, कोपऱ्यातला पालापाचोळा न झाडण्याचे. जो आपण होऊन आला त्याचे आपण यजमान असतो. आणि यजमानाने जागा द्यावी, ताबा घेऊ नये. पाखरू फार आवडते म्हणून त्याला पिंजऱ्यात घालणारा मनुष्य दुष्ट असतोच असे नाही. त्याने पाहुण्याला कुंडीतले झाड समजण्याची चूक केलेली असते, एवढेच.

हे सर्व मला पायरीवर बसून सुचले असते तर बरे झाले असते. ते सुचले एका मृत्यूमुळे. दोन हिवाळ्यांपूर्वी टोमॅटोच्या वाफ्यावर बुलबुलांनी फार धाड घातली, म्हणून मी बाजारातून नायलॉनची जाळी आणून वाफ्यावर सैल टाकली. बुलबुल शहाणे, ते एक दिवस कठड्यावर बसून ओरडले आणि शेजारच्या पपईवर गेले. तिसऱ्या सकाळी कुंड्या उघडावयास गेलो तर जाळीत वटवट्या लोंबत होता. टोमॅटोशी त्याचे काहीच देणेघेणे नव्हते; पानाखालचा किडा टिपावयास तो उतरला असावा. त्याने सुटण्याची धडपड केली असणार, कारण धागे पंखांत रुतून बसले होते. मी कात्रीने जाळी कापली, पण पाखरू थंड पडले होते. हातावर घेतले तेव्हा वजन जाणवलेही नाही. हिमालयापासून येथवर ज्याला वाटेतले ससाणे आणि वादळे अडवू शकली नव्हती, त्याला माझ्या काळजीने अडवले. आणि ते पाच-सहा टोमॅटोंसाठी.

टोमॅटो राखण्याचा मला अधिकार होता की नव्हता? होता, असेच मी आजही म्हणेन. ते मी लावले होते. पण राखणीची किंमत कोण भरतो, हे मी विचारले नव्हते. आल्बर्ट श्वाइत्झर यांनी जीवनाविषयी आदर हे आपल्या नीतीचे सूत्र मानले. ते त्यांना १९१५ साली आफ्रिकेतील ओगोवे नदीच्या प्रवासात सुचले. याच श्वाइत्झरांनी एक अनुभव प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. स्थानिक लोकांनी पकडलेले मत्स्यगरुडाचे एक पिलू त्यांनी सोडवून घेतले. पण ते जगवावयाचे तर रोज कित्येक लहान मासे मारावयास हवेत. त्यांनी मासे मारण्याचे ठरवले. मात्र एका जीवासाठी दुसरा जीव आपल्या जबाबदारीवर बळी जातो, हे दररोज त्यांना सलत राहिले. मला त्यांच्या निर्णयाहून ते सलणे अधिक मोलाचे वाटते. ज्याला काहीच सलत नाही तो राखणदार एक तर अज्ञानी असतो किंवा निर्दय. माझ्यापुरते बोलावयाचे तर आता वाफ्यावर जाळी आहेच. पण करंगळी शिरणार नाही अशा बारीक विणीची, पांढरी, चौकटीवर ताणून बांधलेली. आणि चार टोमॅटो मी जाळीबाहेर सोडतो. वटवट्याच्या जिवाची ही भरपाई नव्हे, हे मला समजते.

कोणी म्हणेल की ऋणी आणि यजमान ही विभागणी फार नीटस झाली. जगात असे दोन कप्पे नसतात. हा आक्षेप खरा आहे. भिंतीच्या फटीत पाखराच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ आपण होऊन आलेला असतो, पण त्याला जागा दिली तर तो घर पाडील. वाऱ्याने घरट्यातून पडलेले पिलू मी आणलेले नसते, तरी त्याला मांजराच्या तोंडी देऊन मी चहा पिऊ शकत नाही. विभागणीने असे सर्व प्रश्न सुटतात असा माझा दावा नाही. हात पुढे करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारण्याची सवय तिने लागते, इतकेच: हा जीव माझ्यामुळे येथे आहे की आपल्या पायांनी आला आहे? पिंपळाचे रोप फटीतून काढून मोकळ्या जागी लावले, की त्या क्षणापासून मी त्याचा ऋणी. मग पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घालणे मला टाळता येत नाही.

परंतु याहून अवघड असा एक तिसरा वर्ग आहे, आणि त्याच्याविषयी लिहिल्यावाचून हा लेख अप्रामाणिक होईल. वर जी पानवेल म्हटली ती माझ्या आईची. वडील गेल्यावर राजापूरजवळच्या आमच्या गावी ती एकटी राहत होती. माझी येथे बदली झाल्यावर मी तिला घेऊन आलो. येताना तिने वेलीचे एक फाटे ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. पहिल्याच हिवाळ्यात तिला खोकला जडला. मी शेगडी आणली, लोकरीचे मोजे आणले, डॉक्टर आणले. गावी जावे असे ती म्हणे; तेथे तुझे कोण पाहील, असे मी म्हणे. मी तिच्याशी अगदी कर्तव्याने वागत होतो, आणि ती दिवसेंदिवस मलूल होत होती. एका संध्याकाळी मी वेल झाकत असताना ती दारात उभी होती. ती म्हणाली, “अरे, वेलीला बोलता येत नाही, म्हणून तिच्यासाठी तू ठरवतोस ते ठीक आहे. मला बोलता येतं ना?”

मला उत्तर सुचले नाही. तिला मी मुळासकट उचलून आणले होते, म्हणून मी तिचा ऋणी होतो, यात संशय नाही. पण ते ऋण झाकून फिटणारे नव्हते. विचारून फिटणारे होते. ज्याला वाचा आहे त्याच्या बाबतीत राखणीची पहिली पायरी म्हणजे त्याचे ऐकणे, आणि कधी कधी त्याच्या इच्छेपुढे आपली काळजी बाजूला ठेवणे. माघात मी तिला गावी पोचवून आलो. ती तेथे सुरक्षित आहे असे मी म्हणू शकत नाही. रात्री दूरध्वनी वाजला की आजही माझ्या छातीत धस्स होते. तिला पाठवले हे बरोबर केले की नाही, याचा निकाल मला लागलेला नाही. ती मात्र फोनवर खोकत नाही, आणि पोफळीला फुले आली की नाही ते सांगते.

सरकारी नोकरीत परमुलखी राहणाऱ्या आपल्या वाचकांना यातले काहीच परके वाटणार नाही. आपण मुलांना दर तीन-चार वर्षांनी एका शाळेतून उपटतो आणि दुसऱ्या भाषेच्या मातीत लावतो. मग ती रुजली नाहीत म्हणून अधिकाधिक शिकवण्या लावतो, म्हणजे गार मातीत आणखी पाणी घालतो. त्यांनाही वाचा असते. आणि आपण स्वतः तर येथे पाहुणे आहोत. ज्या देवळावरून मल्लेश्वरमाला नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराच्या आवारात १६६९ सालचा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी देवाला गाव दिल्याची त्यात नोंद आहे. कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. परमुलखी आलेल्या एका मराठी माणसाने येथल्या रानातल्या देवाचा मान राखला, ही गोष्ट देवळाच्या पायऱ्या चढताना मला नेहमी आठवते. यजमान होण्यापूर्वी चांगला पाहुणा व्हावे लागते.

लालबागेला आकार देणारे गुस्ताफ क्रुम्बिगल हेही असेच परदेशी. जर्मनीत जन्मलेला हा उद्यानशास्त्रज्ञ १८९३ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आला, १९०८ साली म्हैसूर संस्थानात आला आणि १९५६ साली बंगळुरातच वारला. या शहरातील रस्त्यांवर आज हिवाळ्यात आणि वसंतात जी गुलाबी-जांभळी फुले दिसतात, त्यांतली तबेबुया आणि जॅकरँडा ही झाडे मूळची दक्षिण अमेरिकेतली. कोणीतरी त्यांची कोवळी रोपे एके काळी उन्हाथंडीपासून झाकली असतील. आज त्यांना कोणाच्या गोणपाटाची गरज नाही. त्यांच्या फांद्यांवर पाखरे परवानगी न विचारता उतरतात. राखण सफल झाली हे ओळखण्याची खूण हीच असावी की तिची गरज संपते.

माझी पुढची बदली केव्हाही येईल. पानवेल शेजारच्या घरी द्यावयाचे ठरले आहे. तिथल्या अज्जींना मी दाखवून ठेवले आहे की पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी नको. आणि पान मलूल दिसले तर आधी मातीला हात लावून पाहावे. आंब्यावरच्या वटवट्याविषयी कोणाला काही सांगावयाचे नाही. घरमालकांना मात्र एक विनंती करून जाणार आहे, की हिवाळा संपेपर्यंत तो आंबा छाटू नये.